घोलवड-बोर्डीच्या वाड्या व ‘रीत’ नावाचा रकाना

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे विद्वान मंडळी प्रथम देवळाकडे, किल्ल्याकडे अथवा एखाद्या ताम्रपटाकडे वळतात. महसूल खात्यात ज्याचे आयुष्य गेले अशा कारकुनास ती सवय नसते. त्याचा इतिहास तलाठ्याच्या दप्तरात, लाल कापडात बांधलेल्या फेरफारांच्या वहीत आणि पीकपाहणीच्या पत्रकात असतो. अमुक साली अमुक सर्व्हे नंबर कोणी कोणास दिला, बोजा केव्हा चढला, केव्हा उतरला, वारस कोण लागले, एवढे तेथे कळते आणि पुष्कळदा तेवढ्याने गावाची नाडी हाती लागते. परंतु त्याच दप्तरात एक उणीव आहे, व ती डहाणू-तलासरी भागात जितकी जाणवते तितकी अन्यत्र क्वचितच जाणवेल. तिच्याविषयी आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे चार शब्द ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते. विषय घोलवड व बोर्डी या दोन जुळ्या गावांचा घेतला आहे. परगावाहून आलेल्या लोकांनी नवीन पीक आणून एखाद्या मुलखाचे रूप कसे पालटले, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या बाजूस नाही.

प्रथम जागेचा परिचय. डहाणूपासून उत्तरेस समुद्राच्या काठाकाठाने निघाले म्हणजे नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी व शेवटी झाई अशी गावे ओळीने लागतात. झाईपुढे गुजरातची हद्द. किनाऱ्यावर सुरूची बने, त्यामागे वाड्यांची हिरवी पट्टी, मग रेल्वेचा रूळ, आणि रुळापलीकडे भाताची खाचरे व वरकस जमीन चढत चढत डोंगराच्या पायथ्यास जाऊन मिळते. रुळाच्या पश्चिमेस बारी, भंडारी, माच्छी, मांगेला, पारशी व इराणी यांची वस्ती. पूर्वेस बहुतेक वारली, धोडी व दुबळा. बाजारात मराठी व गुजराती या दोन्ही भाषा एकाच दमात बोलल्या जातात. ही मांडणी आजची नव्हे, शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि सदर लेखाचा सारा विषय त्या रुळाच्या दोन बाजूंमध्ये आहे असे म्हणावयास हरकत नाही.

बाहेरून आलेल्यांस आश्रय देण्याची या किनाऱ्याची रीत फार जुनी. इराणातून निघालेले झरथोस्ती लोक प्रथम संजाण येथे स्थिरावले, ही कथा सर्वश्रुत आहे. १५९९ मध्ये फारसी पद्यात लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या ग्रंथात ती आली असून तेथील जादी राण्याने त्यांस जागा दिली असे त्यात म्हटले आहे. साल कोणते याविषयी पंडितांत एकमत नाही. आठव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान केव्हातरी, एवढे धरून चालावे. पुढे संजाणवर मुसलमानी फौज चालून आली तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी हलवून बोर्डीच्या पूर्वेस बारड डोंगरावरील बाहरोटच्या लेण्यांत नेला व तेथे बारा वर्षे जतन केला, असे तोच ग्रंथ सांगतो. आजही पारशी भाविक तो डोंगर चढून जातात. मधल्या काळात पोर्तुगीज आले. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत हा टापू मराठ्यांकडे आला व पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. या राज्यांच्या उलाढालींनी वसूल घेणारा बदलला. शेतीच्या पद्धतीत फारसा पालट झाला नाही. भात, नाचणी, गवत, ताडी आणि जंगलातील लाकूड, एवढ्यावर मुलूख चालत होता.

पालट झाला तो रेल्वेने. १८६४ साली मुंबई-सुरत मार्ग पुरा झाला आणि डहाणू-घोलवडचा माल एका रात्रीत मुंबईच्या बाजारात पोहोचू लागला. आरंभी हा माल म्हणजे मुख्यत्वे लाकूड व गवत. मुंबईत हजारो घोडे, बैल व म्हशी होत्या. त्यांचा चारा या डोंगरउतारावरून जाई. गवताच्या व्यापारात ज्यांनी पैसा केला त्यांनी जमिनी घेतल्या, आणि ज्यांनी जमिनी घेतल्या त्यांस पुढे फळबागांची कल्पना सुचली. हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे, कारण चिकूच्या गोडीत गवताचा विसर पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी इराणातून झरथोस्ती लोकांची दुसरी लाट आली. हे यझ्द व किरमान भागातील खेडूत. तेथे त्यांच्यावर जिझिया कर होता, घोड्यावर बसण्याची व चांगले वस्त्र वापरण्याची देखील बंदी असे. मुंबईच्या पारशी मंडळींनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हतारिया यांस त्यांच्या मदतीस धाडले. त्यांनी अनेक वर्षे खटपट करून १८८२ मध्ये तो कर माफ करविला. तथापि, दुष्काळ व जाच यांस कंटाळून कित्येक कुटुंबे हिंदुस्थानात येतच राहिली. त्यांतील पुष्कळांनी मुंबई-पुण्यास चहाची दुकाने काढली, हे शहरच्या लोकांस ठाऊक आहे. ज्यांचा हात मातीस सरावलेला होता त्यांतील काही मात्र डहाणू, घोलवड व बोर्डीकडे आले. कोरड्या देशात कालव्याचे थेंब थेंब पाणी मोजून डाळिंब व द्राक्षे पिकविणाऱ्या माणसास चार महिने धो-धो पाऊस पडणारी ही भूमी केवढी श्रीमंत वाटली असेल, याची कल्पना आपणांस सहज येणार नाही.

चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. त्याच्या चिकापासून तिकडे चघळण्याचा गोंद करीत. स्पॅनिश लोकांनी तो फिलिपाइन्स बेटांत आणला व पुढे तो आपल्या देशात आला. घोलवडच्या भूमीत त्याची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी सुरू झाली असे मानतात. पहिले झाड कोणी लावले याविषयी गावात दोन-चार मते आहेत. ज्याच्या त्याच्या आजोबांनी ते लावलेले असल्यामुळे प्रस्तुत लेखक त्या वादात पडत नाही.

चिकूची वाडी करणे म्हणजे काय, हे ज्या वाचकांनी घाटावर केवळ ज्वारी-कपाशी केली असेल त्यांच्याकरिता थोडे विस्ताराने सांगतो. बीपासून केलेले चिकूचे झाड उशिरा धरते व त्याचे फळ कसे येईल याचा भरवसा नसतो. म्हणून कलम करावे लागते. कलमास खुंट रायणीचा, म्हणजे खिरणीचा. रायण या पट्ट्यात आपोआप वाढते. तिचे मूळ खोल जाते आणि खारा वारा सोसते. पण तिचे रोप फार सावकाश वाढते. बी रुजविल्यापासून खुंट पेन्सिलीएवढा जाड होईपर्यंत दोन वर्षे सहज जातात. मग कुंडीतील खुंट मोठ्या झाडाच्या फांदीजवळ मांडवावर चढवून भेटकलम बांधावयाचे, सांधा जुळेपर्यंत दररोज पाणी घालावयाचे आणि मग हळूहळू तोडून वेगळे करावयाचे. लावणी तीस ते तेहतीस फुटांवर, म्हणजे एकरी चाळीस ते अठ्ठेचाळीस झाडे. खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल. त्यात शेणखत व पालापाचोळा. पहिली कित्येक वर्षे उन्हाळ्यात घड्याने पाणी, बाजूस ताटवा, गुरांपासून राखण. तिसऱ्या-चौथ्या वर्षी चार फळे दिसतात, पण वाडी खऱ्या अर्थाने पोटास घालू लागते ती दहा वर्षांनंतर. त्यापुढे मात्र हेच झाड पन्नास-साठ वर्षे व त्याहूनही अधिक काळ वर्षाचे बारा महिने थोडेबहुत फळ देत राहते. फुलापासून फळ तयार होण्यास सात ते दहा महिने लागत असल्यामुळे एकाच फांदीवर कळी, हिरवे फळ व तयार फळ अशी तिन्ही पाहावयास मिळतात.

तोडणीचे काम देखील जिकिरीचे. फळावरील भुरकट कोंडा झडला, नखाने ओरखडले असता खाली हिरवे न दिसता पिवळट दिसले व चीक पातळ झाला, म्हणजे ते तयार समजावे. हे फांद्यांत उभे राहून, शेकडो फळांतून, क्षणात ओळखावयाचे असते. कोवळे तोडले तर पिकता पिकत नाही व बाजारात वाडीचे नाव जाते. लांब बांबूस जाळी लावून फळ उतरवितात, धुतात, लहानमोठे निवडतात आणि त्याच रात्री रवाना करतात, कारण हे फळ फार दिवस राहत नाही. ‘कालीपत्ती’ ही येथील मुख्य जात. ‘क्रिकेट बॉल’ मोठा खरा, पण गोडीस कमी. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरगावचा माल घोलवडच्या नावाने विकला जाई, त्यास आळा घालण्याचे साधन त्यामुळे हाती आले आहे. ते कितपत वापरले जाते हा प्रश्न निराळा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वरील वर्णनात कर्त्याचे नाव नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. खड्डे कोणी खणले? घडे कोणी वाहिले? कोंडा झडलेले फळ ओळखणारे डोळे कोणाचे? कल्पना व पैसा इराणी-पारशी व इतर वाडीवाल्यांचा, यात शंका नाही. दहा वर्षे उत्पन्नाशिवाय कळ काढणे हे लहान कर्म नव्हे व त्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. पण श्रम वारल्यांचे, धोडींचे व दुबळ्यांचे, आणि ते ज्या शर्तींवर मिळत त्या शर्ती आज वाचताना मान खाली जाते.

त्या काळी डोंगरपट्टीतील आदिवासी पावसाळ्याच्या तोंडावर खावटीचे धान्य सावकाराकडून आणी व सुगीस ते दीडपट-दुपटीने फेडी. लग्नाकरिता शे-दोनशे रुपये काढले तर त्याच्या बदल्यात तो स्वतः व पुष्कळदा त्याची बायको सावकाराच्या घरी राबे. अशास ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटत नसे. गडी मरे, मग मुलगा उभा राही. मुंबई सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन या अंमलदाराने १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात हे सर्व नमूद आहे, तेव्हा यास कोणी केवळ चळवळीच्या लोकांचा कांगावा म्हणू नये. शिवाय वेठ होतीच. शेतमालकाचे काम आधी, मग आपली आवणी. ज्याची आवणी आषाढ उलटून गेल्यावर झाली त्याच्या भाताची काय कथा! एक गोष्ट न्यायास धरून सांगितली पाहिजे. हे जमीनदार व सावकार कोणत्या एका जातीचे वा धर्माचे नव्हते. सर्व थरांतील, सर्व देवांस मानणारे लोक त्यांत होते, आणि आपल्यासारख्या खातेदार कुळांतील पूर्वजही असतील.

१९४५ साली हा बांध फुटला. त्या वर्षीच्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील व आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी किसान सभेची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर हे पुढारी होते. वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असा ठराव झाला व तो पाड्यापाड्यांतून अमलात आला. पावसाळा संपताच गवतकापणीच्या दराचा प्रश्न निघाला. पाचशे रतल गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला व पाच माणसे मेली. त्यांतील जेठ्या गांगड याचे नाव आजही त्या भागात घेतले जाते. ज्या गवताने मुंबईची घोडी पोसली व वाड्यांस भांडवल पुरविले, त्याच गवताच्या भाऱ्यावरून रक्त सांडले. गोदावरीबाईंनी या हकिकतीवर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले व १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या राजकीय मतांशी आपल्यापैकी अनेकांचे जुळणार नाही. तरी शेतकऱ्याने ते पुस्तक वाचावे.

यानंतर कायदे आले. १९४८ चा कूळकायदा झाला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. भाताच्या खाचरांत जे खंडाने वा अर्धेलीने कसत होते, त्यांतील ज्यांची नावे पत्रकात होती त्यांस जमिनी मिळाल्या. ज्यांची नावे आदल्या दोन-चार वर्षांत गाळली गेली ते राहिले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून जाण्यास बंदी झाली, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही झाला. याच सुमाराचा दुसरा मोठा फेरबदल म्हणजे १ मे १९६० रोजी झालेली राज्यविभागणी. उंबरगाव तालुका दुभंगला. उंबरगाव व संजाणकडील गावे गुजरातेत गेली आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. एकाच कुटुंबाची अर्धी जमीन एका राज्यात व अर्धी दुसऱ्यात, अशी खाती त्यामुळे निर्माण झाली. दोन ठिकाणचे उतारे, दोन भाषा, दोन प्रकारचे नमुने! या भागातील कारकुनाचे केस लवकर पिकण्याचे ते एक कारण आहे.

परंतु वाडीतील मजुरास या कायद्यांनी काय दिले? येथे आमच्या दप्तरातील तो रकाना येतो. जुन्या पीकपाहणीच्या पत्रकात ‘रीत’ नावाचा रकाना असे. खातेदार जमीन स्वतः कसतो की दुसऱ्याकडून कसवितो, हे तेथे आकड्याने लिहावयाचे. कूळकायद्यात ‘जातीने कसणे’ याची जी व्याख्या आहे तीत मालकाने स्वतःच्या देखरेखीखाली, रोख अथवा धान्याच्या मजुरीवर लावलेल्या माणसाकडून कसविणे याचाही समावेश होतो. केवळ पिकाचा हिस्सा दिला तर ते त्यात बसत नाही. भाताच्या खाचरात वारली हिस्स्याने कसत होता, म्हणून तो कूळ ठरला. चिकूच्या वाडीत तोच वारली रोजावर होता, म्हणून तो कोणीच ठरला नाही. एका भावाने रुळाच्या पूर्वेस खाचर केले, त्याचा मुलगा आज खातेदार आहे. दुसऱ्या भावाने रुळाच्या पश्चिमेस वाडीत चाळीस वर्षे घडे वाहिले, त्याचा मुलगा वाडीतल्याच झोपडीत राहतो. झोपडीखालची जागा देखील त्याच्या नावावर नसते. कायदा वाकडा केला गेला असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. रकान्यात खरे तेच लिहिले जात होते. पण खऱ्या नोंदीनेही अर्धाच इतिहास कळतो, हे बत्तीस वर्षे त्या नोंदी केल्यावर ध्यानात आले.

या पट्टीत केवळ पैसा व श्रम यांचाच व्यवहार झाला असे मात्र नाही. बोर्डीस गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पंचविशीच्या आधीच उभी राहिली होती. १९४५ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी गोळीबार झाला त्याच वर्षाच्या अखेरीस, ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. हरिजनवाड्यात व पाड्यात जाऊन, अंगणातच मुलांस बसवून त्यांनी शिकविले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याच टेकडीवरील कृषिसंस्थेत जयंतराव पाटील यांनी आयुष्य घालविले व आदिवासी शेतकऱ्यास भाताखेरीज दुसरे पीक घेता येते हे करून दाखविले. कोसबाड रुळाच्या पूर्वेस आहे, हे मुद्दाम सांगतो.

चिकूच्या पट्टीवर अलीकडे आलेली संकटे वाचकांस वर्तमानपत्रांतून कळतच असतील. डहाणूस ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र १९९० च्या दशकात झाले. राखेने व धुराने मोहर जळेल या भीतीने वाडीवाले न्यायालयात गेले. जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविण्यात आला व १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या अधिसूचनेने मोठे कारखाने रोखले व वाड्या वाचविल्या, हे तिचे उपकार. आता द्रुतगती महामार्ग व मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे तलासरी-डहाणूतून जात आहेत, आणि वाढवण येथे ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. मासेमार व बागायतदार दोघेही त्यास विरोध करीत आले. त्याचा सविस्तर विचार स्वतंत्र लेखात करावा लागेल.

वाडीस खरी कीड आतून लागली आहे. बी पोखरणारी अळी व पावसाळ्यातील फळगळ यांवर औषध आहे. वारस नसण्यावर ते नाही. वाडीवाल्यांची मुले मुंबईस, तेथून कॅनडा-ऑस्ट्रेलियास गेली. वृद्ध मालक राहिला तोवर वाडी राहिली. पुढे ती वर्षाच्या मक्त्याने ठेकेदारास देतात. मक्तेदाराचा डोळा त्या सालच्या फळावर. खत घालणे, वाळलेली फांदी काढणे, विरळणी करणे याच्याशी त्यास कर्तव्य नाही. झाडे दाटली, उन्हाचा कवडसा जमिनीवर पडेनासा झाला, फळ बारीक होत चालले. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होत आहे ते निराळेच. दुसरीकडे तरुण वारली बोईसर, वापी व उंबरगावच्या कारखान्यांत जातो, कारण तेथे महिन्याचा पगार आहे. मग वाडी विकली जाते व आंब्याच्या झाडाखाली मुंबईकराचे विश्रांतिगृह उभे राहते.

असा प्रकार जगात अन्यत्र घडला आहे काय, याचा शोध घेता युरोपातील एक उदाहरण वाचनात आले. रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात बाराव्या शतकाच्या मध्यास हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने जर्मन शेतकरी व कारागीर बोलावून वसविले. त्यांस सॅक्सन म्हणत. १२२४ मध्ये राजा दुसरा अँड्र्यू याने त्यांस सनद दिली. आपला न्याय आपण करावा, ठरलेला वसूल एकरकमी भरावा, अशी तिची मतलबाची कलमे होती. त्यांनी द्राक्षमळे व शेते केली, देवळाभोवती कोट बांधले. आपल्याकडे जशी गटग्रामपंचायत तशी तेथे चार-दोन खेड्यांची मिळून एक ‘कोमून’ असते. पण सॅक्सन गावाचे बळ होते आळीच्या शेजारमंडळात. विहीर उपसणे, घर उभारणे, प्रेत उचलणे ही कामे मंडळाची. त्याची स्वतःची पेटी व लिहिलेले नियम असत. आठशे वर्षे हे चालले. १९३० च्या दशकात त्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात होती. १९४५ मध्ये सुमारे तीस हजारांस मजुरीकरिता सोव्हिएत संघात नेले, त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. आणि १९८९ ची राज्यक्रांती होताच उरलेले लोक दोन-तीन वर्षांत जर्मनीस निघून गेले. आज तेथे काही हजार उरले आहेत. व्हिस्क्री नामक गावाचे कोटबंद देऊळ १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण ज्या घरांचे मालक गेले त्यांत आता राहतात कोण? बव्हंशी रुमानियन व रोमा लोक. त्यांतील पुष्कळांचे आईबाप त्याच सॅक्सनांच्या शेतावर मजुरीस असत. घर कसे राखावे, चुना केव्हा लावावा, हे काम त्यांचे त्यांनाच ठाऊक होते. ज्या गावांत त्यांस घराचा कागद मिळाला व दुरुस्तीस साह्य मिळाले, तेथे छपरे शाबूत आहेत. अन्यत्र ती कोसळली.

घोलवड-बोर्डी व तो देश यांत अंतर फार आहे. आपल्याकडील वाडीवाले एका दिवसात गेलेले नाहीत. पुष्कळजण अद्याप नेटाने उभे आहेत व त्यांतील काहींनी चिकूची पावडर, चकत्या व मिठाई करून नवीन बाजार शोधला आहे. शिवाय रुळाच्या पूर्वेकडील चित्रही जुने राहिलेले नाही. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हापासून तलासरी व डहाणूच्या डोंगरउतारावर आदिवासी खातेदारांच्या स्वतःच्या आंबा-काजूच्या वाड्या झाल्या आहेत. त्यांतील जी झाडे जगली ती बहुधा अशा घरांत, जेथे कोणीतरी पूर्वी पश्चिमेकडील वाडीत रोजावर होते. अनुदान सर्वांस सारखेच मिळाले. हात सर्वांचे सारखे नव्हते.

म्हणून आपल्या सोसायटीपुढे एक सूचना ठेवतो. ज्या मालकांस स्वतः वाडी पाहणे होत नाही त्यांनी ती वर्षाच्या मक्त्याने ठेकेदारास देण्यापेक्षा, वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुटुंबाशी दहा-बारा वर्षांचा लेखी करार करावा. झाडांची निगा त्याने राखावी, उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा त्यास मिळावा. हिस्सा म्हणताच मालकाच्या छातीत धडकी भरते, कारण कूळ लागेल ही १९५७ ची भीती अद्याप जिवंत आहे. ती निराधार नाही. तेव्हा सोसायटीने जाणत्या वकिलाकडून करारनाम्याचा असा मसुदा करवून घ्यावा की ज्यात मालकाची मालकी सुरक्षित राहील व मजुराचा हिस्सा आणि राहत्या झोपडीची जागा ही देखील सुरक्षित राहील. झोपडीच्या जागेचा प्रश्न तर सोपा आहे. एका गुंठ्याने कोणी भिकेस लागत नाही. मसुदा झाला म्हणजे तो याच मासिकात छापावा व त्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांची मते मागवावी.

गेल्या माघात घोलवडच्या एका वाडीत जाण्याचा योग आला. मालक परदेशी, राखणीस एक वृद्ध वारली. त्याने वाडी हिंडून दाखविली. कोणती झाडे बापाने लावली, कोणती आपण, कोणत्या सालच्या वादळात कोणते पडले व कोठे सांधा धरला, हे तो बोटाने दाखवीत होता. आम्ही खात्यातले हे त्यास कळले होते. एका झाडाशी थांबून त्याने विचारले, “भाऊसाहेब, सातबाऱ्यावर झाड कुणी लावलं ते लिवतात काय?”

आम्ही सांगितले, झाडे किती ती लिहितात. कोणी लावली याचा रकाना नाही.

“बरं,” तो म्हणाला, आणि बांबूची जाळी उचलून पुढच्या झाडाकडे गेला. दुपारच्या गाडीने माल जावयाचा होता व अजून चार पेट्या भरावयाच्या राहिल्या होत्या.